दावा आणि दाखला : आंतरजालावरील व्यावसायिक परिचयाची बांधणी

विद्यार्थी व माजी विद्यार्थ्यांसाठी अभ्यासलेख

प्रास्ताविक

राजूर हे अकोले तालुक्याच्या डोंगराळ पश्चिम भागातील बाजाराचे गाव. भंडारदऱ्याकडे जाणारी वाट येथून जाते, आदिवासी विकास प्रकल्पाचे कार्यालय येथे आहे आणि डांगी जनावरांच्या प्रदर्शनासाठी दूरदूरचे शेतकरी येथे जमतात. आसपासच्या वाड्या-वस्त्यांतील मुले-मुली निवासी शाळेत राहून शिकतात. पुढे संगमनेर, नाशिक, पुणे येथे पदविका, पदवी किंवा आयटीआयचे शिक्षण घेतात. ही मुले कष्टात आणि बुद्धीत कोणाहून उणी नसतात. तरीही शिक्षण संपल्यावर पहिली नोकरी मिळवताना त्यांची पावले अडखळतात. या अडखळण्याचे एक कारण आम्हांला वर्षानुवर्षे दिसत आले आहे. त्यांच्यापाशी ओळख नसते.

ज्या घरातील वडील, काका, मामा कचेरीत, कारखान्यात किंवा बँकेत काम करतात, त्या घरातील मुलाला जागा कोठे निघणार, अर्ज कसा लिहावा, मुलाखतीत काय विचारतात, हे जेवता-जेवता कळून जाते. ज्या घरातील शिकलेली पहिलीच पिढी बाहेर पडते आहे, तेथे ही माहिती सांगणारे कोणी नसते. जमीन आणि पैसा यांच्याप्रमाणे ओळख हीदेखील वारशाने मिळणारी संपत्ती आहे, आणि आपल्या विद्यार्थ्यांच्या वाट्याला ती फारशी आलेली नाही.

लिंक्डइन या संकेतस्थळाचा विचार आम्ही या पार्श्वभूमीवर करीत आहोत. हे संकेतस्थळ डिसेंबर २००२ मध्ये स्थापन झाले व ५ मे २००३ रोजी लोकांसाठी खुले झाले. २०१६ मध्ये मायक्रोसॉफ्ट या कंपनीने ते विकत घेतले आणि २०२३ मध्ये त्याच्या सदस्यांची संख्या शंभर कोटींच्या पुढे गेली. करमणुकीची संकेतस्थळे आपण कोठे फिरलो, काय खाल्ले हे सांगण्यासाठी असतात. येथे मनुष्य आपले शिक्षण, काम आणि कौशल्य मांडतो. नोकरी देणारे तेथे माणसे शोधतात आणि नोकरी शोधणारे तेथे माणसांपर्यंत पोहोचतात. तेथे आपल्या नावाचे जे पान तयार होते त्याला प्रोफाइल म्हणतात. हे पान कसे लिहावे, त्यात काय लिहू नये आणि त्याचा उपयोग कोणाकोणाला व्हावा, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

१. दूरच्या ओळखीचे महत्त्व

मार्क ग्रॅनोव्हेटर या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने १९७३ मध्ये एक निबंध प्रसिद्ध केला. ओळखीतून नोकरी मिळालेल्या लोकांना त्याने विचारले की, ज्या व्यक्तीकडून नोकरीची बातमी कळली तिला तुम्ही त्या काळात किती वेळा भेटत होता? वारंवार भेटणाऱ्यांकडून बातमी मिळाली असे सांगणारे १६.७ टक्के होते. अधूनमधून भेटणारे ५५.६ टक्के, तर क्वचितच भेटणारे २७.८ टक्के निघाले. कारण समजण्यास सोपे आहे. आपल्या अगदी जवळच्या माणसांना जे ठाऊक असते ते बहुधा आपल्यालाही ठाऊक असते. नवी बातमी येते ती वेगळ्या वर्तुळात वावरणाऱ्या दूरच्या परिचिताकडून.

याच विचाराची मोठी कसोटी लिंक्डइनवर घेतली गेली आणि तिचे निष्कर्ष २०२२ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात आले. पाच वर्षांच्या काळात दोन कोटींहून अधिक सदस्यांच्या माहितीवरून संशोधकांना दिसले की, नोकरी बदलण्यास सर्वाधिक उपयोग मध्यम प्रतीच्या दूरच्या ओळखींचा होतो. अगदी निकटच्या संबंधांचा उपयोग सर्वांत कमी होतो. मात्र संगणकाशी निगडित उद्योगांत दूरची ओळख जास्त कामाला येते आणि ज्या उद्योगांत संगणकाचा वापर कमी आहे तेथे जवळची ओळख अधिक उपयोगी ठरते, असेही त्यांत आढळले. आपल्या विद्यार्थ्यांनी हा भेद ध्यानात ठेवावा. आयटीआय झालेल्या वायरमनला तालुक्यातील ठेकेदाराची प्रत्यक्ष भेट प्रोफाइलपेक्षा लवकर काम देऊ शकेल. संगणक, लेखा, परिचर्या, अभियांत्रिकी, संशोधन या क्षेत्रांत जाणाऱ्याने मात्र प्रोफाइलकडे दुर्लक्ष करू नये.

२. वशिला आणि शिफारस

ओळख म्हटले की आपल्याकडे वशिला आठवतो आणि स्वाभिमानी विद्यार्थी तिच्यापासून दूर राहतो. हा संकोच समजण्यासारखा आहे. परंतु वशिला आणि शिफारस यांत अंतर आहे. ते डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या विद्यार्थिदशेत स्पष्ट दिसते.

१९०७ मध्ये भीमराव मॅट्रिक झाले तेव्हा झालेल्या सत्कारसभेत कृष्णाजी अर्जुन केळुसकर यांनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र त्यांना भेट दिले. हा विद्यार्थी वाचनालयात व बागेत बसून वाचताना केळुसकरांनी स्वतः पाहिला होता. पुढे त्यांनीच महाराजा सयाजीराव गायकवाडांकडे त्याच्यासाठी शब्द टाकला. १९१३ मध्ये बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर भीमराव कोलंबिया विद्यापीठात गेले, १९१५ मध्ये तेथे एम. ए. झाले आणि १९१६ मध्ये लंडनला जाताना त्यांच्यासाठी प्राध्यापक सेलिग्मन यांनी लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सच्या प्राध्यापक फॉक्सवेल यांना शिफारसपत्र लिहिले. त्या संस्थेने त्यांची विद्यार्थी म्हणून असलेली कागदपत्रे आजही जपून ठेवली आहेत.

केळुसकर आणि सेलिग्मन यांनी जे केले ते वशिला का नव्हे? कारण त्यांच्या शब्दामागे विद्यार्थ्याचे काम उभे होते आणि ते काम त्यांनी स्वतः पाहिले होते. वशिल्यात काम नसताना शब्द टाकला जातो. शिफारशीत काम पाहिलेला माणूस त्याची साक्ष देतो. व्यावसायिक प्रोफाइल हा अशा साक्षी एकत्र ठेवण्याचा एक मार्ग आहे, आणि त्याकडे आपण त्याच दृष्टीने पाहावे.

याच चरित्रातील दुसरा प्रसंगही विसरता कामा नये. एवढे शिक्षण आणि एवढ्या शिफारशी असताना, १९१७ मध्ये बडोद्यात नोकरीसाठी गेलेल्या या विद्वानाला जातीमुळे राहण्यास जागा मिळाली नाही आणि पारशी विश्रामगृहातून बाहेर पडावे लागले. गुणांचा लेखी पुरावा दार ठोठावतो. दार उघडणे समाजाच्या हाती असते. तेव्हा उत्तम प्रोफाइल असूनही नकार आला, तर विद्यार्थ्याने सारा दोष स्वतःच्या माथी घेऊ नये.

३. दोन टोके आणि मधली वाट

प्रोफाइल लिहिताना दोन प्रकारच्या चुका होतात. आपल्या मुलांची नेहमीची चूक संकोचाची असते. ‘मी काय मोठे केले आहे?’ असे म्हणून ती रकाने रिकामे सोडतात. वर्षभर रात्रीच्या अभ्यासिकेत लहान मुलांना गणित शिकवलेली मुलगी ते लिहीत नाही, कारण त्याचे प्रमाणपत्र नाही. दुसरी चूक अतिशयोक्तीची आहे. शहरातील मुलांची पाने पाहून तशीच मोठी बिरुदे स्वतःला लावण्याचा मोह होतो. मित्राच्या दुकानात दोन महिने हिशेब लिहिणारा मुलगा ‘वित्त सल्लागार’ बनतो आणि तीन तासांची चित्रफीत पाहिलेला ‘डेटा तज्ज्ञ’.

पंचशीलातील चौथे शील असत्य भाषणापासून दूर राहण्याचे आहे, आणि अष्टांगिक मार्गात सम्यक वाचा व सम्यक आजीविका ही दोन्ही अंगे येतात. उपजीविकेसाठी बोललेला शब्दही खरा हवा, असा याचा अर्थ आम्ही घेतो. व्यवहाराच्या दृष्टीनेही हेच हिताचे आहे. मुलाखत घेणारा अनुभवी माणूस एखाद्या ओळीवर बोट ठेवून ‘हे कसे केले ते सांगा’ असे विचारतो, तेव्हा उसने शब्द टिकत नाहीत. पण संकोचाने लपवलेले काम हेही अपुरे सत्यच आहे. जे केले ते पूर्ण सांगावे, जे केले नाही ते सांगू नये, ही मधली वाट होय.

आपल्याच तालुक्यातील कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांचे उदाहरण येथे बोलके आहे. शाळेत न गेलेल्या या शेतकरी स्त्रीने गावरान बियाण्यांचे जतन केले. त्यांच्यापाशी पदवी नव्हती. परंतु बियाणे होते, त्याचे नाव होते, ते कधी पेरावे व कसे साठवावे याचे ज्ञान होते, आणि पाहायला येणाऱ्याला दाखवता येईल अशी बीजबँक होती. ‘बाएफ’ या संस्थेच्या सहकार्याने हे काम बाहेरच्या जगापुढे आले. २०१८ मध्ये बीबीसीच्या शंभर स्त्रियांच्या यादीत त्यांचे नाव आले आणि २०२० मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली. काम तर पूर्वीपासूनच होते; ते पाहता येईल आणि पडताळता येईल अशा रीतीने मांडले गेले, तेव्हा दूरच्या लोकांना त्याची किंमत कळली. मोठ्या विशेषणाची गरज कोठेच पडली नाही.

यावरून एक सूत्र निघते : प्रत्येक दाव्यामागे दाखला हवा. प्रोफाइलमधील ओळ लिहिण्यापूर्वी स्वतःला विचारावे, ‘हे खरे आहे हे मी कशावरून दाखवीन?’ उत्तरात प्रमाणपत्र, आकडा, वस्तू, छायाचित्र किंवा पाहिलेला माणूस यांपैकी काही एक सापडले, तर ती ओळ ठेवावी. काहीच सापडले नाही, तर ती खोडावी.

४. प्रोफाइलची अंगे

हे सूत्र हाती धरून आता एकेका अंगाचा विचार करू. उदाहरणादाखल एक कल्पित विद्यार्थिनी घेऊ. ती अकोले तालुक्यातील एका वाडीची, निवासी शाळेतून दहावी झालेली, विद्युत अभियांत्रिकीची पदविका घेतलेली आणि सिन्नरच्या औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्यात सहा महिने प्रशिक्षणार्थी म्हणून राहिलेली आहे.

छायाचित्र : चेहरा स्पष्ट दिसेल असे, साध्या पार्श्वभूमीचे, दिवसाच्या उजेडात काढलेले छायाचित्र पुरेसे आहे. स्टुडिओत जाण्याची गरज नाही. लग्नसमारंभातील, गॉगल लावलेले किंवा समूहातून कापलेले छायाचित्र टाळावे.

शीर्षक : नावाखालच्या या ओळीला हेडलाइन म्हणतात. तिला २२० अक्षरांची मर्यादा आहे. शोध घेणाऱ्याला प्रथम हीच ओळ दिसते, म्हणून तिच्यात शिक्षण, काम आणि अपेक्षा हे तिन्ही यावे. ‘स्वप्नांचा पाठलाग करणारी’ या शब्दांतून कारखानदाराला काहीच कळत नाही. ‘विद्युत अभियांत्रिकी पदविका; कंट्रोल पॅनेल वायरिंगचा सहा महिन्यांचा अनुभव; नाशिक-पुणे परिसरात कामास इच्छुक’ ही ओळ मात्र उपयोगी आहे, कारण पॅनेल वायरिंग येणारा माणूस शोधणाऱ्याला ती सापडेल.

परिचय : ‘अबाउट’ या रकान्यात २,६०० अक्षरे लिहिता येतात, पण तेवढी भरण्याची आवश्यकता नाही. तीन छोटे परिच्छेद करावेत. पहिल्यात आपण कोण व काय शिकलो, दुसऱ्यात कोणती कामे हाताने केली, तिसऱ्यात पुढे काय शिकायचे व करायचे आहे. ‘मेहनती’, ‘प्रामाणिक’, ‘नेतृत्वगुण असलेली’ ही विशेषणे गाळावीत. ती प्रत्येकाच्याच पानावर असतात आणि त्यांना दाखला जोडता येत नाही. गरिबीचे वर्णन लांबवू नये. आपली परिस्थिती सांगण्यात कमीपणा नाही. परंतु वाचणारा दया दाखवण्यासाठी आलेला नाही, तो काम करणारा हात शोधतो आहे.

अनुभव : ‘एक्स्पीरियन्स’ हा सर्वांत महत्त्वाचा रकाना होय. येथे क्रियापद आणि आकडा यांवर भर द्यावा. ‘कारखान्यात प्रशिक्षण घेतले’ या वाक्याऐवजी आपली विद्यार्थिनी असे लिहू शकेल : ‘रेखाचित्र वाचून कंट्रोल पॅनेलची वायरिंग केली, आठवड्याला सरासरी दोन पॅनेल, मेगरने इन्सुलेशनची तपासणी करून नोंदवहीत नोंद ठेवली.’ या तीन तुकड्यांत तिला काय येते, किती येते आणि ती नोंद ठेवते, हे सारे आले. आकडा मात्र खरा असला पाहिजे. दोन पॅनेलची चार करू नयेत.

ज्यांना नोकरीचा अनुभव नाही त्यांनी निवासी शाळेतील जबाबदाऱ्या आठवाव्यात. शहरातील शाळेत न मिळणारा अनुभव येथे मिळतो. वसतिगृहात कोणी वर्षभर धान्याच्या कोठीची वही लिहिलेली असते, कोणी ग्रंथालयाची पुस्तके दिली-घेतलेली असतात, कोणी पाण्याच्या पाळ्या लावलेल्या असतात, कोणी आजारी मित्राला दवाखान्यात नेऊन औषधाच्या वेळा सांभाळलेल्या असतात. ‘वसतिगृहाच्या कोठीची आवक-जावक वर्षभर नोंदवली; महिनाअखेरीस शिल्लक मोजून अधीक्षकांकडे तपासून घेतली’ असे लिहिणे योग्य आहे, कारण ते घडलेले आहे. त्यालाच ‘पुरवठा साखळी व्यवस्थापक’ म्हटले की ते हास्यास्पद होते. स्वयंसेवेचा स्वतंत्र रकानाही तेथे असतो. रक्तदान शिबिर, वृक्षारोपण, जयंतीचे संयोजन यांतील आपले नेमके काम त्यात लिहावे.

शिक्षण व प्रमाणपत्रे : संस्थेचे पूर्ण नाव, अभ्यासक्रम, वर्ष हे बिनचूक लिहावे. प्रमाणपत्रे डिजिलॉकरमध्ये ठेवावीत, म्हणजे मागितली असता लगेच दाखवता येतात. गुणपत्रिकेचे छायाचित्र प्रोफाइलवर सर्वांसाठी उघडे टाकू नये, कारण तिच्यावर जन्मतारीख, आईचे नाव व बैठक क्रमांक असू शकतो. ‘स्वयम्’ या शासकीय संकेतस्थळावर अनेक अभ्यासक्रम विनामूल्य शिकता येतात. परीक्षा देऊन मिळवलेले एक प्रमाणपत्र हे केवळ हजेरीच्या दहा प्रमाणपत्रांहून मोलाचे असते.

कौशल्ये : पन्नास कौशल्यांची यादी पाहून वाचणाऱ्याचा विश्वास वाढत नाही. जी खरोखर येतात अशी आठ-दहा लिहावीत आणि त्यांपैकी प्रत्येक अनुभवाच्या किंवा शिक्षणाच्या रकान्यात कोठेतरी वापरलेले दिसावे. भाषांचा रकाना आवर्जून भरावा. मराठी, हिंदी, इंग्रजी यांबरोबर घरी बोलली जाणारी ठाकरी किंवा अन्य बोली येत असेल तर तीही लिहावी. आरोग्य, शेती, बँकिंग, सर्वेक्षण अशा क्षेत्रांत गावात जाऊन लोकांशी त्यांच्या बोलीत बोलू शकणारा माणूस हवा असतो.

शिफारशी : येथे दोन गोष्टी वेगळ्या ओळखाव्यात. कौशल्यावर केवळ बोट टेकवून दिलेली संमती ही हलकी साक्ष आहे. आपले काम पाहिलेल्या माणसाने स्वतः लिहिलेला मजकूर ही भारदस्त साक्ष आहे. प्रशिक्षण संपताना पर्यवेक्षकाला किंवा प्रकल्पाच्या मार्गदर्शक शिक्षकांना नम्रपणे विनंती करावी आणि आपण काय केले त्याची आठवण दोन ओळींत करून द्यावी. मित्रामित्रांनी एकमेकांची स्तुती लिहून पाने सजवू नयेत.

भाषेविषयी एक सूचना. नोकरीच्या दृष्टीने प्रोफाइल बहुधा इंग्रजीत लिहावे लागते. तरीही प्रथम सारा मजकूर मराठीत वहीत लिहून काढावा, तो खरा व नेमका झाला की मग सोप्या इंग्रजीत उतरवावा आणि इंग्रजीच्या शिक्षकांकडून तपासून घ्यावा. मजकूर लिहून देणारी यंत्रे आता सर्वांच्या हाती आहेत. भाषा सुधारण्यास त्यांची मदत घेता येईल. पण यंत्र आपल्या कामाचे साक्षीदार नसते. ते न केलेली कामेही गोड भाषेत लिहून देते. त्याने लिहिलेली प्रत्येक ओळ वर सांगितलेल्या कसोटीवर तपासावी.

५. संपर्क कसा साधावा

पान तयार झाले म्हणजे काम संपले असे होत नाही. अनोळखी माणसांना सरसकट विनंत्या पाठवण्यापेक्षा आठवड्याला दोन-तीनच, पण विचारपूर्वक पाठवाव्यात : आपले शिक्षक, सोबत शिकलेले, प्रशिक्षणात भेटलेले, आपल्या क्षेत्रात काम करणारे तालुक्यातील लोक आणि सर्वांत आधी शाळेचे माजी विद्यार्थी. विनंतीसोबत छोटी चिठ्ठी लिहावी. उदाहरणार्थ : ‘नमस्कार ताई. मी राजूरच्या आपल्याच शाळेची माजी विद्यार्थिनी. विद्युत पदविका पूर्ण केली आहे. आपल्या क्षेत्रात सुरुवात कशी करावी हे विचारायचे होते. सवडीने कळवावे.’

या चिठ्ठीत नोकरी मागितलेली नाही, माहिती विचारली आहे. नोकरी देणे बहुतेकांच्या हाती नसते, म्हणून ती थेट मागितली की माणूस अवघडतो. माहिती देणे प्रत्येकाला शक्य असते. उत्तर आल्यास आभार मानावेत आणि सांगितलेले करून पाहिल्यावर पुन्हा कळवावे. उत्तर न आल्यास राग धरू नये, वारंवार संदेशही पाठवू नयेत.

६. नाव, गाव आणि शाळा

हा भाग आम्हांला सर्वांत नाजूक वाटतो. अर्थशास्त्रज्ञ सुखदेव थोरात आणि समाजशास्त्रज्ञ पॉल अॅटवेल यांचा एक अभ्यास २००७ मध्ये ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’मध्ये प्रसिद्ध झाला. वर्तमानपत्रांतील खासगी नोकऱ्यांच्या जाहिरातींना त्यांनी सारख्याच पात्रतेचे अर्ज पाठवले. फरक होता तो केवळ नावांचा. उच्चवर्णीय वाटणाऱ्या नावाच्या तुलनेत दलित वाटणाऱ्या नावाच्या अर्जदाराला पुढील बोलावणे येण्याचे प्रमाण सुमारे ०.६७, म्हणजे दोन तृतीयांश आढळले. मुस्लिम नावाच्या बाबतीत ते याहूनही कमी होते. तेव्हा आडनाव, गाव किंवा शाळेचे नाव लिहिताना मनात येणारी शंका ही भ्रम नव्हे, हे प्रथम मान्य केले पाहिजे.

मग काय करावे? नाव खरेच लिहावे. प्रमाणपत्रावरील नाव आणि प्रोफाइलवरील नाव वेगळे असेल, तर पुढे अडचणी येतात. जात लिहिण्याची गरज नाही आणि ती विचारण्याचा अधिकार तेथे कोणालाही नाही. राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीसारखी निवडीने मिळालेली शिष्यवृत्ती लिहिण्यात मात्र आम्हांला अभिमान वाटला पाहिजे. ती सवलत आहे असे हिणवणाऱ्यापेक्षा ती कशी मिळते हे जाणणारा वाचक आपल्याला हवा आहे.

उरला प्रश्न शाळेच्या नावाचा. अनेक माजी विद्यार्थ्यांच्या पानावर शिक्षणाचा आरंभ महाविद्यालयापासून होतो. दहावीपर्यंतची निवासी शाळा तेथे नसते. काहींना ते महत्त्वाचे वाटत नाही, तर काहींना त्यातून आपली सामाजिक पार्श्वभूमी उघड होण्याची काळजी वाटते. दुसऱ्या कारणाचा आम्ही आदर करतो. ज्याला आपल्या कामाच्या ठिकाणी त्रास होण्याची भीती आहे, त्याने कोणालाही स्पष्टीकरण देण्याचे कारण नाही.

परंतु ज्यांचे पाऊल आता स्थिर झाले आहे, त्यांना आमची कळकळीची विनंती आहे की, आपल्या प्रोफाइलच्या शिक्षणाच्या रकान्यात या शाळेचे नाव पूर्ण लिहावे. त्याचे कारण भावनिक कमी आणि व्यावहारिक अधिक आहे. लिंक्डइनवर शाळेच्या नावाने शोध घेता येतो. पुण्यातील एखाद्या कंपनीत आपल्या शाळेची माजी विद्यार्थिनी अभियंता आहे, नाशिकच्या रुग्णालयात आपला विद्यार्थी परिचारक आहे, हे आज दहावी-बारावीत असलेल्या मुलीला कळण्याचा तोच मार्ग आहे. आरंभी आम्ही ज्या दूरच्या ओळखींविषयी लिहिले त्या आपल्या मुलांना वारशाने मिळालेल्या नाहीत. त्या माजी विद्यार्थ्यांनीच त्यांना द्यावयाच्या आहेत. शाळेचे नाव लिहायला अर्धा मिनिट लागतो. ते नाव न लिहिल्याने मागून येणाऱ्याला तीच वाट पुन्हा एकट्याने शोधावी लागते.

७. सावधगिरी

लिंक्डइनच्या नियमांनुसार सोळा वर्षांखालील व्यक्तीला तेथे खाते उघडता येत नाही. वय वाढवून खाते उघडणे म्हणजे पहिलीच ओळ खोटी लिहिणे होय. सोळा वर्षांवरील विद्यार्थ्यांनी पुढील गोष्टी पाळाव्यात.

दूरध्वनी क्रमांक, घरचा पत्ता, जन्मतारीख, आधार व बँकेचा तपशील सर्वांना दिसेल असा ठेवू नये. नोकरीसाठी नोंदणी शुल्क, अनामत, लॅपटॉपचे वा गणवेशाचे पैसे आधी मागणारा मनुष्य फसवणारा आहे असे समजावे. मुलाखतीशिवाय नेमणूकपत्र आले, संभाषण लगेच दुसऱ्या अॅपवर नेले गेले किंवा मोबाइलवर आलेला ओटीपी मागितला गेला, तर तेथेच थांबावे. परदेशातील नोकरीचा दलाल शासनाच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर नोंदलेला आहे किंवा नाही हे पाहावे. मुलाखतीचा पत्ता कंपनीच्या कार्यालयाचा नसेल, तर एकटे जाऊ नये. मुलींनी तर घरी व मैत्रिणीला सांगितल्याशिवाय कोठेच जाऊ नये. आक्षेपार्ह संदेश पाठवणाऱ्याला उत्तर न देता रोखावे, संदेशाची प्रत ठेवावी आणि शिक्षकांना दाखवावी. पैसे गेल्यास लाज बाळगून गप्प न बसता १९३० या राष्ट्रीय सायबर साहाय्य क्रमांकावर ताबडतोब कळवावे. जितक्या लवकर कळवू तितकी रक्कम थांबवण्याची शक्यता अधिक असते.

८. आजपासून करावयाचे काम : कामाची वही

आठवी-नववीतील विद्यार्थ्यांनी वाट पाहत बसण्याचे कारण नाही. प्रत्येकाने एक शंभर पानी वही घ्यावी आणि तिला ‘कामाची वही’ म्हणावे. दर रविवारी तिच्यात चार रकाने भरावेत : या आठवड्यात काय केले, किती केले, कोणी पाहिले, त्यातून काय शिकलो. प्रयोगशाळेतील प्रयोग, बागेतील वाफा, स्पर्धेतील भाषण, सुट्टीत घरच्या भातलावणीत केलेले काम, भंडारदऱ्याच्या पर्यटकांना वाट दाखवताना मिळालेला अनुभव, हे सारे तिच्यात यावे. शेतातील आणि घरातील काम हेही कामच आहे. तीन-चार वर्षांनी खाते उघडण्याची वेळ येईल तेव्हा ‘काय लिहू?’ हा प्रश्न पडणार नाही. मोबाइलची रेंज नसलेल्या वाडीतही ही वही लिहिता येते.

माजी विद्यार्थ्यांनी वर्षातून एकदा आपले पान तपासावे, शाळेचे नाव लिहावे आणि शाळेतील एका तरी विद्यार्थ्याच्या चिठ्ठीला उत्तर द्यावे. शिक्षकांनी ज्यांचे काम आपण पाहिले आहे त्यांच्यासाठी खरी व नेमकी शिफारस लिहावी. केळुसकरांनी वाचनात गढलेला मुलगा पाहिला आणि त्याच्यासाठी शब्द खर्च केला. असा शब्द खर्च करण्याची संधी आज आपल्यापैकी पुष्कळांना आहे.

स्वाध्याय

१. वशिला व शिफारस यांतील फरक स्वतःच्या परिसरातील उदाहरण देऊन पाच वाक्यांत लिहा.

२. ‘मी वसतिगृहात ग्रंथालयाचे काम पाहिले’ हे वाक्य क्रियापद आणि खरा आकडा वापरून पुन्हा लिहा.

३. स्वतःविषयी दहा वाक्ये लिहा. प्रत्येकापुढे त्याचा दाखला लिहा. ज्याला दाखला नाही ते वाक्य खोडा आणि किती उरली ते मोजा.

४. शाळेच्या एखाद्या माजी विद्यार्थ्याला माहिती विचारणारी चार ओळींची चिठ्ठी लिहा. तिच्यात नोकरी मागू नका.

५. प्रोफाइलवर शाळेचे नाव लिहावे की लिहू नये? दोन्ही बाजूंनी वर्गात चर्चा करा आणि आपले मत कारणांसह नोंदवा.